बर्फाच्या धावपट्टीवर विमान कसं उतरवायचं

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "मॅडम, रोस्टरला श्रीनगर लागलंय, बर्फ पडतोय म्हणतात. काय काय बघून ठेवू?" यातली बरीचशी पुण्यात वाढलेली, बारामतीला उडायला शिकलेली. लोहगावचं धुकं त्यांनी पाहिलेलं असतं, जुलैचा पाऊस पाहिलेला असतो, पण बर्फाची धावपट्टी फक्त सिम्युलेटरच्या पडद्यावर. मी एअरबस ३२० वर कॅप्टन होते, पुढे ट्रेनर झाले. आता निवृत्त होऊन सहकारनगरला राहते आणि रविवारी सकाळी घरीच मुलांचा वर्ग घेते. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते एकदा सलग लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आकडे नेहमी तुमच्या विमानाच्या आणि तुमच्या कंपनीच्या पुस्तकातले वापरायचे. मी खाली जे हिशोब मांडलेत ते विषय डोक्यात बसावा म्हणून आहेत, कॉकपिटमध्ये वापरायला नाहीत. माझ्याकडून घ्यायचा तो विचाराचा क्रम.

आणि त्या क्रमाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हवेत उधळलेलं अंतर बर्फावर परत मिळत नाही. कोरड्या धावपट्टीवर थोडं लांब टेकलं, वेग थोडा जास्त राहिला, तर ब्रेक सांभाळून घेतात. पुढच्या वेळी सुधारू म्हणून आपण गेटवर जातो. बर्फावर तेच ब्रेक निम्म्यानंही साथ देत नाहीत.

हिशोब करून बघा. टेकताना वेग १३६ नॉट धरा, म्हणजे सेकंदाला साधारण ७० मीटर. ऑटोब्रेक (आपोआप लागणारे ब्रेक) मीडियमवर असेल तर एअरबस ३२० दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरवायला बघतं. कोरड्या डांबरावर तो दर मिळतो आणि टेकल्यापासून थांबेपर्यंत ८०० मीटरच्या आसपास लागतात. पकड नसल्यामुळे तोच दर १ वर आला, तर लागतात २४५० मीटर. आपली लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची. म्हणजे अशा बर्फात अगदी पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर चाकं टेकवली तरी विमान पलीकडच्या टोकाशी जाऊन थांबेल. आणि पहिल्या पट्ट्यावर कुणी टेकवत नाही, थ्रेशहोल्डपासून, म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीच्या रेषेपासून, तीन-चारशे मीटर आतच टेकतं. उरलेलं अंतर कुठून आणणार?

वर्गात हा हिशोब मी फळ्यावर करत नाही, प्रत्येकाला वहीत करायला लावते. स्वतःच्या हातानं २४५० लिहिलं की पुढचं सगळं ऐकायला मुलं सरसावून बसतात.

धावपट्टीचा रिपोर्ट

पूर्वी धावपट्टीचं घर्षण मोजायला गाडीमागे यंत्र ओढत न्यायचे आणि त्याचा आकडा वैमानिकाला द्यायचे. वेगवेगळी यंत्रं वेगवेगळे आकडे दाखवायची आणि त्यावरून विमान किती अंतरात थांबेल हे नक्की सांगता यायचं नाही. ४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची नवी पद्धत जगभर लागू झाली. यात धावपट्टीचे तीन भाग करतात आणि प्रत्येक भागाला ६ ते ० असा कोड देतात. ६ म्हणजे कोरडी. ५ म्हणजे ओली, किंवा ३ मिलिमीटरपर्यंतच बर्फ वा स्लश (पाण्यानं भिजलेला चिखलबर्फ). ४ म्हणजे उणे १५ अंश किंवा त्याहून थंड हवेत दाबून घट्ट झालेला बर्फ. ३ मध्ये ३ मिलिमीटरहून जाड कोरडा किंवा ओला बर्फ येतो, उणे १५ पेक्षा उबदार हवेतला घट्ट बर्फ येतो आणि जी धावपट्टी ओली झाली की घसरडी होते म्हणून आधीच जाहीर केलेली असते तीही येते. २ म्हणजे ३ मिलिमीटरहून जास्त साचलेलं पाणी किंवा स्लश. १ म्हणजे गोठलेला बर्फाचा थर. ० म्हणजे त्या थरावर पाणी, किंवा घट्ट बर्फावर पाणी, किंवा त्या थरावर भुरभुरलेला बर्फ. शून्यावर उतरायचं नाही. तिथे चर्चा संपली.

नव्या मुलांना नेहमी खटकतं ते म्हणजे उणे १५ ला कोड ४ आणि उणे २ ला कोड ३ कसा? थंडी जास्त तर घसरण जास्त असायला हवी ना? उलटं आहे. खूप थंड बर्फ कोरडा आणि कडक असतो, टायरला त्यात धरायला काहीतरी मिळतं. शून्याच्या आसपास टायरच्या दाबानं आणि घासण्यानं त्यावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तोच घात करतो. म्हणून हवामानाच्या रिपोर्टमध्ये तापमान उणे १ किंवा अधिक १ दिसलं की माझे कान टवकारायचे. तापमान आणि दवबिंदू यांच्यात ३ अंशांपेक्षा कमी फरक असेल तर धावपट्टी रिपोर्टपेक्षा घसरडी निघण्याची शक्यता असते. नॉर्वेच्या अपघात तपास मंडळानं तिथल्या हिवाळी घटना तपासून हे मांडलं आहे. कोड ३ आला आहे, पण तापमान शून्य आणि दवबिंदू उणे १ आहे, असं दिसलं की मी हिशोब कोड २ नं करायला सांगते.

आता एक जागा, जिथे चांगली चांगली माणसं गोंधळतात. स्नोटॅममध्ये, म्हणजे बर्फाळ धावपट्टीच्या लेखी सूचनेत, तीन भागांचे कोड धावपट्टीच्या लहान क्रमांकाच्या टोकापासून लिहितात. श्रीनगरची धावपट्टी १३/३१, म्हणजे एका टोकाचा क्रमांक १३, दुसऱ्याचा ३१. समजा स्नोटॅममध्ये २/३/३ आलं. पहिला २ हा १३ च्या टोकाकडचा तिसरा हिस्सा. तुम्ही १३ वर उतरणार असाल तर तो तुम्हाला सुरुवातीला लागेल. पण ३१ वर उतरणार असाल तर तोच २ तुमच्या शेवटच्या भागात येतो, म्हणजे नेमका जिथे तुम्हाला ब्रेक लागणार तिथे. टॉवर मात्र बोलताना तुमच्या उतरण्याच्या दिशेनं सांगतो. कागदावर २/३/३ आणि कानावर ३/३/२ आलं तर घाबरू नका, दोन्ही एकच आहेत; पण हे आधी माहीत हवं. मी मुलांना धावपट्टीची आडवी रेघ काढून त्यावर बाण काढायला आणि तीन आकडे आपल्या दिशेनं पुन्हा लिहायला लावते. दहा सेकंदांचं काम आहे.

रिपोर्ट किती वाजताचा आहे तेही बघा. बर्फ अजून पडत असेल तर अर्ध्या तासापूर्वीचा कोड म्हणजे शिळा कोड. झाडणारी यंत्रं फिरून गेल्यानंतरचा आहे की आधीचा, हे टॉवरला विचारा. तुमच्या पुढे कोण उतरलं आणि त्यानं ब्रेकिंग कसं सांगितलं हेही विचारा. विचारायला कधीही संकोच करू नका.

खाली यायच्या आधी

डिसेंट सुरू करण्यापूर्वी, अजून उंचावर शांतता असताना, तीन आकडे कागदावर लिहा. पहिला, आपल्याला लागणारं अंतर. त्यात वजन, वारा, धावपट्टीची उंची, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), ऑटोब्रेक, रिव्हर्स (इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान रोखणारी यंत्रणा) आणि कोड, सगळं धरलेलं हवं, आणि वर किमान १५ टक्के जास्त. दुसरा, उपलब्ध अंतर. तिसरा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा: आजच्या वजनाला, आजच्या वाऱ्याला, या धावपट्टीवर कमीत कमी कोणता कोड चालेल? उत्तर ३ आलं तर कागदावर मोठा ३ लिहा आणि बाजूच्याला मोठ्यानं सांगा, "तीनच्या खाली गेलं तर आपण निघतोय." मग हजार फुटांवर असताना टॉवरनं "शेवटच्या भागात दोन" असं सांगितलं, तर तिथे विचार करत बसावं लागत नाही. तो निर्णय तुम्ही डोकं शांत असताना घेऊन ठेवलेला असतो.

वाऱ्याचंही तसंच. कोड खाली आला की आडव्या वाऱ्याची मर्यादा झपाट्यानं उतरते. तुमच्या पुस्तकातला कोडनिहाय तक्ता उघडून ती मर्यादा त्याच कागदावर लिहा. मागून येणारा वारा बर्फावर मी घेऊच नका म्हणते. कंपनीच्या मर्यादेत बसला तरी शक्य असेल तर दुसरी दिशा मागा. मागून ८ नॉट म्हणजे समोरून ८ असताना जो वेग जमिनीवर घेऊन आलात त्याच्यापेक्षा १६ नॉट जास्त घेऊन आलात. थांबताना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, हे शाळेत शिकलोय आपण.

लेहला तर वारा नसतानाही हा प्रश्न येतो. तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०,६०० फुटांहून उंच. हवा विरळ, म्हणून वेगदर्शकावर तोच आकडा दिसत असला तरी जमिनीवरचा वेग सहाव्या हिश्शानं जास्त असतो आणि ब्रेकनी जिरवायची ऊर्जा ३५ ते ४० टक्क्यांनी. आकडा ओळखीचा दिसतो, विमान ओळखीचं नसतं.

इंधनाचं बोलून घ्या. धावपट्टी झाडायला वेळ लागतो. लोहगावसारखंच श्रीनगरही हवाई दलाचं विमानतळ आहे, तिथली मंडळी मेहनतीनं धावपट्टी मोकळी करतात, पण बर्फ सतत पडत असेल तर ती परत पांढरी व्हायला फार वेळ लागत नाही. किती वेळ घिरट्या घालणार आणि किती इंधन उरलं की जम्मू, अमृतसर किंवा दिल्लीकडे वळणार, हा आकडाही आधीच ठरवा. वळलात म्हणून कुणी रागावलं तर रागावू द्या.

विमानात एखादा रिव्हर्स बंद असेल किंवा अँटी-स्किडची (चाकं अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेची) तक्रार असेल तर हा विषय पुण्याहून किंवा दिल्लीहून निघतानाच संपवा. बर्फाच्या दिवशी या दोन गोष्टी धड असायलाच हव्यात.

अप्रोच

१००० फुटांवर विमान स्थिर हवं: फ्लॅप पूर्ण, वेग ठरलेला, उतरण्याचा दर ठरलेला, इंजिनं स्थिर. तसं नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. "थोडा वेग हाताशी असू दे" ही सवय बर्फावर जीवघेणी आहे. वाऱ्यासाठी पुस्तक जितका वेग वाढवायला सांगतं तितकाच वाढवा, मनाच्या समाधानासाठी वर ५ नाही. थ्रेशहोल्ड ५० फुटांवर ओलांडायचा. तो १०० फुटांवर ओलांडला, तर ३ अंशांच्या उतारानं टेकायची जागा जवळपास ३०० मीटर पुढे गेली. फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित उचलल्यावर, विमान तरंगत राहिलं तर प्रत्येक सेकंदाला ७० मीटर गेले. तीन सेकंद छान तरंगलात तर दोनशे मीटर.

थंडीत अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, खोटं बोलतं. हवा प्रमाण तापमानापेक्षा दर १० अंश थंड असेल तर विमान दिसतं त्यापेक्षा साधारण ४ टक्के खाली असतं. २० अंश थंड असेल तर यंत्रावर धावपट्टीपासून १००० फूट दिसतील, प्रत्यक्षात असतील ९२० च्या आसपास. डोंगरांच्या विमानतळावर हे साधं प्रकरण नाही. तापमानाची दुरुस्ती कुठे आणि किती लावायची ते ब्रीफिंगमध्येच उरकून टाका. इंजिन अँटी-आइस (इंजिनावर बर्फ धरू न देणारी यंत्रणा) चालू आहे ना, हेही त्याच वेळी.

शेवटचे दोनशे फूट डोळ्यांना फसवतात. सगळीकडे पांढरं असलं की खोली कळत नाही, धावपट्टी कुठे संपली आणि बाजूचं मैदान कुठे सुरू झालं ते कळत नाही. रात्री लँडिंग लाइट लावले की बर्फाचे कण थेट काचेकडे धावून येतात आणि नजर त्यांच्यावर खिळते. आणि सगळ्यात फसवं दृश्य म्हणजे वाऱ्यानं धावपट्टीवरून आडवा सरकणारा भुरभुरा बर्फ. जमिनीलगत पांढरा पदर डावीकडून उजवीकडे वाहत असतो आणि तुम्हाला वाटतं आपणच डावीकडे सरकतोय. हात आपोआप उजवीकडे जातो. अशा वेळी जवळ बघूच नका. नजर धावपट्टीच्या टोकाच्या दिव्यांवर ठेवा, कडेच्या दिव्यांच्या दोन रांगा समान दिसताहेत का ते बघा. बाजूच्या वैमानिकानं यंत्रांवर नजर ठेवायची आणि सेंटरलाइन सुटली की तोंडानं सांगायचं.

टेकणं

बर्फावर अलगद टेकवू नका. प्रवाशांना कळलंही नाही असं टेकणं कौतुकाचं असतं, पण आज नको. आज ठरलेल्या जागी, ठाम टेकवायचं. आपटायचं नाही, पण चाकं स्लशमधून किंवा पाण्यातून खाली जाऊन फिरायला लागली पाहिजेत. चाकं फिरली आणि वजन गिअरवर (चाकांच्या पायांवर) आलं, की विमानाला कळतं आपण जमिनीवर आहोत. मग स्पॉयलर, म्हणजे पंखांवरच्या पट्ट्या, उघडतात, पंखांची उचल जाते आणि वजन टायरवर येतं. टायरवर वजन नाही तर ब्रेकला अर्थ नाही. अलगद टेकवलं तर ही साखळी उशिरा सुरू होते.

पाण्याचा किंवा स्लशचा थर असला की टायर त्यावर तरंगू शकतं. त्यासाठी एक जुनं सूत्र आहे: टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. दाब २०० पीएसआय धरला तर १२७ नॉट. आपण टेकतो १३० च्या आसपास. म्हणजे टेकल्या क्षणी टायर पाण्यावर तरंगण्याइतका वेग असतो आणि सुरुवातीच्या सेकंदांत चाकांचे ब्रेक जवळजवळ निरुपयोगी असू शकतात. त्या सेकंदांत विमानाला रोखतात ते स्पॉयलर आणि रिव्हर्स. रिव्हर्सचा जोरही वेग जास्त असतानाच सर्वाधिक असतो. म्हणून मुख्य चाकं टेकली की लगेच रिव्हर्स, आणि नाक हवेत धरून न ठेवता नीट खाली.

ही लगबग किती महत्त्वाची आहे ते शिकागोच्या मिडवे विमानतळावर दिसलं. ८ डिसेंबर २००५, संध्याकाळ, बर्फ पडत होता, मागून वारा होता. साऊथवेस्ट एअरलाइन्सचं बोईंग ७३७ आखूड धावपट्टीवर उतरलं. त्या वैमानिकांसाठी ऑटोब्रेक नवा होता, लक्ष त्याच्याकडे गेलं, आणि रिव्हर्स उघडायला टेकल्यापासून पंधरा सेकंदांहून जास्त वेळ गेला. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेलं आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. पंधरा सेकंद रिव्हर्सशिवाय! धावपट्टीचे कोड, लागणाऱ्या अंतराचा हवेतच पुन्हा हिशोब, वरचे १५ टक्के, हे सगळं आज आपण जसं करतो त्यामागे या अपघातानंतर अमेरिकेत झालेलं काम आहे. तो कागद भरताना कंटाळा आला की हे आठवा.

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला विमान धावपट्टीबाहेर गेलं त्यात बर्फ नव्हता, पाऊस होता. मागून वारा, आणि धावपट्टी जवळजवळ निम्मी संपल्यावर चाकं टेकली. २१ माणसं गेली. गणित तेच आहे. टेकण्याच्या ठरलेल्या टप्प्यात चाकं लागली नाहीत तर परत वर जा. मात्र रिव्हर्स उघडल्यानंतर गो-अराउंड नाही, हे पक्कं. म्हणून "जायचं का राहायचं" याचा निकाल रिव्हर्सला हात लावण्याआधी लागलेला हवा.

टेकल्यावरचे पुकारे वर्गात मी खुर्चीत बसवून मोठ्यानं म्हणून घेते. एकाच्या हातात रिव्हर्सचे लिव्हर असल्याची कल्पना, दुसरा पडद्याकडे बघून म्हणतो: "स्पॉयलर्स. रिव्हर्स ग्रीन. डिसेल." शेजारचे विचारतात काय चाललंय, पण हे तोंडात बसलं पाहिजे. स्पॉयलर उघडले नाहीत तर ते बाजूच्यानं सांगायलाच हवं. आणि डिसेलचं, म्हणजे वेग उतरण्याचं, एक ध्यानात ठेवा. ऑटोब्रेकचा डिसेल दिवा ठरलेला दर मिळाल्यावरच लागतो. घसरड्या धावपट्टीवर अँटी-स्किड ब्रेक सतत सोडत-धरत असतं, दर मिळत नाही, दिवा लागत नाही. याचा अर्थ ब्रेक बंद आहे असा नाही. म्हणून दिव्याकडे बघून "डिसेल" म्हणायचं नाही; वेगाचा बाण खाली जातोय का ते बघायचं आणि पाठीला जाणवतंय का ते बघायचं.

"मग कमी पडतंय वाटलं तर पंप करायचे का ब्रेक?" हा प्रश्न हमखास येतो. अजिबात नाही. पंप केलंत तर दर वेळी अँटी-स्किड पहिल्यापासून पकड शोधायला लागतं. गरज वाटली तर दोन्ही पेडल पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली थरथर लागेल, ती लागू दे.

सरळ राहणं

थांबण्याइतकीच अवघड गोष्ट म्हणजे धावपट्टीच्या मध्ये राहणं. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की पहिल्या पावसात वळणावर ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. टायरकडे पकड ठरावीक असते. ती थांबायला वापरली तर वळायला उरत नाही. विमानाच्या टायरचंही हेच.

समजा वारा डावीकडून आहे. विमान क्रॅबमध्ये, नाक डावीकडे ठेवून आलंय. बर्फावर ते पूर्ण सरळ करण्याच्या नादात हवेत रेंगाळू नका. थोडा क्रॅब राहून टेकलं तरी निसरड्या पृष्ठभागावर गिअरवर फार ताण येत नाही. आता तुम्ही रिव्हर्स पूर्ण उघडलाय आणि ऑटोब्रेक धरतोय. वारा शेपटीच्या उभ्या पंखाला ढकलतो, नाक आणखी डावीकडे वळतं. रिव्हर्सचा जोर विमानाच्या अंगाच्या रेषेत मागे जातो, आणि अंग तिरकं असल्यामुळे त्यातला काही भाग विमानाला उजवीकडे, वाऱ्याच्या प्रवाहासोबत, ओढतो. वाराही उजवीकडेच ढकलतोय. टायरची पकड ब्रेक खाऊन बसलेत. सेंटरलाइन डावीकडे निघून जाते आणि उजव्या कडेचे दिवे मोठे व्हायला लागतात.

या क्षणी मन म्हणतं ब्रेक आणखी दाब. नेमकं उलट करायचं. रिव्हर्स आयडलवर आणा, म्हणजे बाजूचा जोर जाईल. ब्रेक सोडा, म्हणजे टायरला बाजूची पकड परत मिळेल. रडरनं (शेपटीच्या उभ्या पंखावरच्या सुकाणूनं) नाक सरळ करून विमान सेंटरलाइनकडे आणा. ते सरळ धावायला लागलं की दोन्ही पायांनी सारखे ब्रेक आणि पुन्हा रिव्हर्स. हे सगळं दोन-तीन सेकंदांचं. धावपट्टी संपत चाललेली दिसत असताना ब्रेकवरून पाय काढणं शरीराला पटत नाही, म्हणूनच सिम्युलेटरवर संधी मिळाली की इन्स्ट्रक्टरला हेच मागा, परत परत मागा. नोजव्हीलच्या (पुढच्या चाकाच्या) टिलरला, म्हणजे ते वळवायच्या दांड्याला, वेगात हात लावू नका. बर्फावर नोजव्हील वळवलं तर ते वळतं, विमान सरळच घसरत राहतं.

मागे इंजिनं असलेल्या विमानांत आणखी एक धोका आहे. ५ मार्च २०१५ ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर डेल्टाचं एमडी-८८ बर्फात उतरलं, रिव्हर्सचा जोर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला आणि त्या झोतामुळे रडरवरून जाणारी हवाच तुटली. रडर दाबलेलं, पण परिणाम शून्य. विमान डावीकडे वाहत गेलं आणि खाडीकाठच्या मातीच्या बांधावर चढून नाक पाण्याकडे करून थांबलं. सगळे वाचले. पंखाखाली इंजिनं असलेल्या विमानांत हा प्रकार तितका नसतो, पण तुम्ही जे विमान चालवता त्याच्या रिव्हर्सच्या मर्यादा पाठ असू द्या.

७० नॉटनंतर

७० नॉटचा पुकारा आला की एरवी रिव्हर्स आयडलवर आणतो. थांबण्याची खात्री नसेल तर आणू नका. गरज असेल तर पूर्ण थांबेपर्यंत ठेवता येतो. खात्री असेल तर मात्र वेळेत कमी करा, कारण कमी वेगात रिव्हर्सचा झोत बर्फ पुढे उडवतो आणि समोरचं काही दिसत नाही.

धावपट्टीचा शेवटचा भाग कमी वापरलेला, बहुतेकदा सगळ्यात घसरडा. तिथे उलट्या दिशेनं उतरणाऱ्यांच्या टायरचं रबर साचलेलं असतं, त्यावर ओला बर्फ. म्हणून पहिल्या दोन भागांत वेग पाडून टाका. वेगानं बाहेर पडायच्या एक्झिटचा मोह धरू नका. तो टॅक्सीवे धावपट्टीइतका झाडलेला असेलच असं नाही. टॉवरनं "लवकर बाहेर पडा, मागे विमान आहे" म्हटलं तर स्वच्छ सांगा की ब्रेकिंग खराब आहे, वेळ लागेल. मागच्याला ते परत वर पाठवतील. तुम्ही धावपट्टीवर पूर्ण थांबा, मग चालण्याच्या वेगानं वळा. टॅक्सीत वळणं १० नॉटच्या आतच, पुढच्या विमानापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून, आणि इंजिनाच्या झोतात काय येतंय ते बघून.

स्लशमधून उतरलात तर फ्लॅप लगेच आत घेऊ नका. चाकांनी उडवलेला चिखलबर्फ फ्लॅपच्या फटींत जाऊन गोठतो आणि आत घेताना सांधे, पत्रे खराब करतो. पुस्तकात सांगितलंय तिथे थांबवा, इंजिनियरला दाखवा, त्यानं साफ केल्यावर आत घ्या. ब्रेकवर ओला बर्फ राहिला तर पार्किंगमध्ये चाकं गोठून चिकटू शकतात, तेही त्याला सांगा.

आणि टॉवरला ब्रेकिंगचा रिपोर्ट द्या, धावपट्टी सोडल्यावर लगेच. त्याची पायरी ठरलेली आहे: गुड, गुड टू मीडियम, मीडियम, मीडियम टू पुअर, पुअर आणि लेस दॅन पुअर. कुठल्या भागात कसं लागलं तेही सांगा: "पहिला आणि दुसरा भाग मीडियम, शेवटचा पुअर, १३०० वाजताचं लँडिंग, एअरबस ३२०." तुम्ही ऑटोब्रेक लो वर ठेवून आरामात थांबला असाल, तर धावपट्टीची परीक्षा झालेलीच नाही, अशा वेळी गुड म्हणू नका, जितकं जाणवलं तितकंच बोला. चांगलं वाटावं म्हणून एक पायरी वर सांगायची नाही. तुमच्या मागे आठ मैलांवर जे विमान आहे, त्यातल्या फर्स्ट ऑफिसरनं आपल्या कागदावर मोठा ३ लिहिलेला आहे आणि तो तुमच्या शब्दाची वाट बघतोय.